सासऱ्यांच्या अतिक्रमणामुळे सून सरपंचपदावरून जाते का? कलम १४(१)(ज-३) आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल

कृष्णाकाठ (प्रश्न)

सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीबाबत विचारायचे आहे. सरपंच महिला आहेत, डिसेंबर २०२२ मध्ये थेट जनतेतून निवडून आल्या. त्यांच्या सासऱ्यांनी फार पूर्वी गावठाणाला लागून असलेल्या शासकीय जागेत दोन खोल्या बांधल्या. नमुना ८ ला (ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही) सासऱ्यांचे नाव आहे आणि शेरा रकान्यात 'अतिक्रमण' असे लिहिले आहे. सरपंच, त्यांचे पती आणि मुले २०२१ पासून त्याच गावात दुसऱ्या वस्तीवर भाड्याने राहतात. सासू-सासरे मात्र जुन्याच घरात आहेत. रेशनकार्ड आणि मतदार यादीत सरपंचांचा पत्ता अजून जुनाच आहे.

आता जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेचा अर्ज दाखल झाला असून नोटीस आली आहे. अर्जदार म्हणतात की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कुटुंबातल्या कोणाचेही अतिक्रमण असले तरी पद जाते. गावातले दुसरे लोक म्हणतात की २०२४ च्या निकालाने महिला सरपंचांना अशा अर्जापासून संरक्षण मिळाले आहे. दोन्ही निकाल खरेच एकमेकांच्या विरोधात आहेत का? सुनावणीत कोणती कागदपत्रे कामाला येतात? आणि सासऱ्यांनी आताच खोल्या पाडून टाकल्या तर विषय मिटतो का?

न्यायपत्रिका

आधी तरतूद पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४(१) मध्ये २००६ साली (ज-३) हा खंड आला. ज्या व्यक्तीने शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केले आहे ती सदस्य होऊ शकत नाही, राहू शकत नाही, एवढेच तो सांगतो. कुटुंब हा शब्द त्यात नाही. वादाचे मूळ तिथेच आहे.

पहिला टप्पा २०१७ चा, सागर पांडुरंग धुंदारे विरुद्ध केशव आबा पाटील. द्विसदस्यीय पीठाने शब्दशः अर्थ घेतला. ज्याने मूळ अतिक्रमण केले तोच अपात्र. वडिलांनी किंवा आजोबांनी केलेल्या अतिक्रमणात नंतर राहायला आलेला वारस या खंडात बसत नाही, असे त्या पीठाचे म्हणणे होते.

दुसरा टप्पा सप्टेंबर २०१८ चा, जनाबाई विरुद्ध अपर आयुक्त. हे पीठ तीन न्यायमूर्तींचे होते आणि धुंदारे निकालातला अर्थ चुकीचा आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या प्रकरणातही अतिक्रमण सासरच्यांचे होते आणि सदस्य तिथेच राहत होत्या. न्यायालयाची मांडणी अशी: अतिक्रमण काढण्याचा अधिकार कलम ५३ ने ग्रामपंचायतीलाच दिलेला आहे. आपल्या मालमत्तेचे रक्षण करणे हे पंचायतीचे कर्तव्य आहे. जो सदस्य स्वतः अतिक्रमित जागेचा उपभोग घेतो, त्याचे स्वतःचे हित आणि पंचायतीचे हित आमनेसामने येते. तेव्हा फक्त पहिल्या अतिक्रमण करणाऱ्यापुरता अर्थ घेतला तर तरतूदच निष्प्रभ होईल.

इथे नेमके वाचा. जनाबाई निकालाचा आधार आहे भोगवटा, म्हणजे सदस्य त्या जागेत राहतो किंवा तिचा वापर करतो हा मुद्दा. नुसते नाते हा आधार नाही. 'कुटुंबातल्या कोणाचेही अतिक्रमण असले तरी पद जाते' हे अर्जदारांचे वाक्य निकालाच्या पुढे जाते. दुसऱ्या गावी राहणाऱ्या सख्ख्या भावाचे अतिक्रमण आहे म्हणून सदस्य अपात्र, असे त्यातून निघत नाही.

तिसरा टप्पा २७ सप्टेंबर २०२४, मनीषा रवींद्र पानपाटील विरुद्ध महाराष्ट्र शासन. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या या सरपंच फेब्रुवारी २०२१ मध्ये निवडून आल्या होत्या. सासूबरोबर शासकीय जागेवरच्या घरात राहतात, असा आरोप होता. त्यांचे म्हणणे असे की ते घर मोडकळीला आले असून आपण पती आणि मुलांसह भाड्याच्या घरात वेगळ्या राहतो. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवले, विभागीय आयुक्तांनी तो आदेश कायम केला, उच्च न्यायालयात याचिका फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे आदेश रद्द केले आणि मुदत संपेपर्यंत त्यांनाच सरपंचपदावर राहू दिले. आरोपाची वस्तुस्थिती न तपासता सर्व पातळ्यांवर यांत्रिकपणे आदेश झाले, निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातल्या महिलेला, पदावरून काढण्याची बाब इतकी हलकी समजता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा.

तुम्ही सांगितलेली वस्तुस्थिती पानपाटील प्रकरणाच्या अगदी जवळची आहे. पण 'जवळची आहे' एवढे म्हणून भागत नाही. सरपंच वेगळ्या राहतात हे कागदाने दाखवावे लागेल.

मावळतीचा_वारा

माझ्या मते २०२४ चा निकाल नंतरचा आहे, त्यामुळे तोच लागू होणार. न्यायालयाने महिला सरपंचांबाबत इतकी स्पष्ट भूमिका घेतल्यावर जिल्हाधिकारी अर्ज फेटाळतीलच. जनाबाई निकाल आता जुना झाला.

न्यायपत्रिका

असे समजून सुनावणीला जाऊ नका, भाऊ. २०२४ चे पीठ दोन न्यायमूर्तींचे आहे, २०१८ चे तिघांचे. दोघांचे पीठ तिघांच्या पीठाचा निकाल बदलू शकत नाही, आणि पानपाटील निकालाने तसे केलेलेही नाही. जनाबाई आजही कायदा आहे. दोन्ही निकाल एकत्र वाचले की विरोध उरत नाही: जनाबाई सांगतो की अतिक्रमित जागेत राहणारा सदस्य अपात्र, आणि पानपाटील सांगतो की तो तिथे राहतो हे आधी पुराव्याने सिद्ध करा. पहिला निकाल कायद्याच्या अर्थाचा, दुसरा तपासाच्या दर्जाचा.

केवळ महिला आहेत म्हणून सूट मिळते, असाही त्याचा अर्थ नाही. लेखी म्हणण्यात असा मुद्दा पहिल्या परिच्छेदात घातला की अधिकाऱ्याचा समज होतो की वस्तुस्थितीवर बोलायला काही नाही. पहिल्या परिच्छेदात भाड्याच्या घराचा पत्ता आणि तिथे राहायला गेल्याची तारीख येऊ द्या.

याच धाटणीचा आणखी एक निकाल जोडता येईल. रवी यशवंत भोईर विरुद्ध जिल्हाधिकारी, रायगड (२०१२) हा उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांचा. कायदा वेगळा आहे, पण निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याला काढताना आरोप नेमके हवेत, पुरावा ठोस हवा आणि आदेशात कारणे हवीत, हे तत्त्व तिथे सविस्तर आले आहे.

गावनमुना

मी फक्त जमिनीच्या बाजूने लिहितो, कारण अशा प्रकरणांत दोन्ही पक्ष नात्यावर आणि राहण्यावर भांडतात आणि मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही: ती जागा नेमकी कोणाची आहे आणि बांधकाम तिच्यात किती आहे?

'गावठाणाला लागून शासकीय जागा' हे वर्णन पुरेसे नाही. गट क्रमांक काढा. त्या गटाचा सातबारा काढून भोगवटादार म्हणून काय लिहिले आहे ते पाहा. 'महाराष्ट्र शासन', 'गायरान', 'सरकारी पड' की 'ग्रामपंचायत'? इतर हक्कात काय आहे? गावठाणाच्या आतली जागा असेल तर सातबारा मिळणार नाही, तिथे नगर भूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि गावठाणाचा नकाशा लागेल. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल तर सनद किंवा मिळकत पत्रिका निघाली आहे का, हेही तपासा. घर चक्क गावठाण हद्दीत निघाले आणि मिळकत पत्रिका सासऱ्यांच्या नावावर निघाली, तर पुढचा सगळा वाद वेगळ्या वळणावर जातो.

त्यानंतर गाव नमुना १-ई. ही अतिक्रमणांची नोंदवही तलाठ्याकडे असते (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी). शासकीय जमिनीवर अतिक्रमण असेल तर ते या नमुन्यात यायला हवे, कोणाच्या नावे, किती क्षेत्र, कधीपासून. नमुना १-ई मध्ये नोंदच नाही आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मात्र 'अतिक्रमण' शेरा आहे, अशी विसंगती पुष्कळ ठिकाणी सापडते.

नमुना ८ बद्दल दोन गोष्टी. एक, तो कर आकारणीची नोंदवही आहे, मालकीचा दाखला नाही. घरपट्टी लावली म्हणून अतिक्रमण कायदेशीर होत नाही, आणि शेरा मारला म्हणून अतिक्रमण सिद्धही होत नाही. दोन, तो शेरा कधी आणि कोणत्या ठरावाने आला हे पाहा. आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी होते, त्यामुळे मागच्या दोन-तीन आकारण्यांचे उतारे एकत्र मागवले की शेरा आधीपासून आहे की वाद सुरू झाल्यावर आला, ते लगेच दिसते. तलाठ्याचा 'आठ अ' हा खातेउतारा वेगळा, लोक त्याचीच नक्कल जोडून बसतात आणि मग सुनावणीत पंचाईत होते.

आता मोजणी. शासकीय जागेवर अतिक्रमण आहे की नाही, हे उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या मोजणीच्या नकाशावरून ठरते. ग्रामसेवक आणि तलाठी यांनी उभ्या-उभ्या केलेल्या पंचनाम्यात 'पाहणी केली असता अतिक्रमण दिसून आले' असे एक वाक्य असते. हद्दीच्या खुणा कुठल्या, बांधकामाची लांबी-रुंदी किती, गटाच्या आत किती फूट, यातले काहीच नसते. ज्यांच्याविरुद्ध तो पंचनामा आहे त्यांना नोटीस नसते, पंचांच्या सह्या असतात पण चतुःसीमा नसते. जिल्हाधिकारी कार्यालय तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांच्याकडून अहवाल मागवते, आणि बहुतेक वेळा तो अहवाल असल्या पंचनाम्यावरच उभा असतो. सरपंचांनी पहिल्याच तारखेला लेखी मागणी करावी की दोन्ही पक्षांना नोटीस देऊन मोजणी करा आणि नकाशाची प्रत द्या. मागणी नाकारली गेली तरी ती अभिलेखावर राहते, आणि अपिलात तीच उपयोगी पडते.

तुमच्या प्रश्नातल्या प्रकरणात सासऱ्यांचे अतिक्रमण खरेच असेल, तर त्यावर हट्टाने भांडण्यात अर्थ नाही. पण आधी खात्री करून घ्या. गावात पिढ्यान्‌पिढ्या ज्याला अतिक्रमण म्हणतात ते मोजणीत गावठाणात निघू शकते, आणि उलटही होते.

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. न्यायपत्रिका, राहण्याच्या पुराव्याबद्दल जरा खोलात सांगाल का? रेशनकार्ड आणि मतदार यादीचा जुना पत्ता हीच सगळ्यात मोठी अडचण वाटते. भाडेकरार आहे, पण साध्या शंभराच्या मुद्रांकावर नोटरी केलेला. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयानुसार अतिक्रमण नियमानुकूल (कायदेशीर) करण्यासाठी सासऱ्यांनी अर्ज दिलेला आहे, त्याचा काही फायदा होतो का?

न्यायपत्रिका

पत्त्यापासून सुरू करतो. रेशनकार्ड हा शिधापत्रिकेचा हक्क दाखवणारा कागद आहे, तो प्रत्यक्ष वास्तव्याचा निर्णायक पुरावा ठरत नाही. पण उलट बाजूने काहीच आले नाही तर जिल्हाधिकारी त्याच्यावरच निष्कर्ष काढतील, आणि त्यांचे फारसे चुकले असे म्हणता येणार नाही. मतदार यादीतही तेच, जुना घर क्रमांक वर्षानुवर्षे चालू राहतो. उमेदवारी अर्जावर पत्ता काय लिहिला आहे ते आधी बघा. तिथे जुनाच घर क्रमांक लिहून सरपंचांनी सही केली असेल, तर ते त्यांचे स्वतःचे कथन आहे. त्याचा खुलासा लेखी म्हणण्यात स्वतःहून करा, समोरच्याने ते काढेपर्यंत थांबू नका.

वजन येते ते वादाच्या आधीच्या कागदांना. निवडणूक डिसेंबर २०२२ ची, वास्तव्य २०२१ पासूनचे, म्हणजे उमेदवारी दाखल होण्याच्या आधीच्या काळातले कागद शोधा. भाड्याच्या घराच्या पत्त्यावर गॅस सिलिंडर घरपोच आल्याच्या पावत्या, मुलांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतला पत्ता, अंगणवाडी किंवा लसीकरण नोंद, बँकेचे किंवा पोस्टाचे आलेले पत्र, भाडे ऑनलाइन दिले असेल तर खात्याचा उतारा. घरमालकाच्या नमुना ८ ला भोगवटादाराच्या रकान्यात नाव लागले असेल तर उत्तम. घरमालक आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडा, पण त्यांत महिना-वर्ष, खोल्या किती, भाडे किती, हे येऊ द्या. पाच जणांची एकाच मजकुराची, एकाच दिवशी नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रे कोणी विश्वासाने वाचत नाही.

भाडेकराराबद्दल: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोटरीच्या करारावर समोरचे वकील हेच बोट ठेवतील. तो करार खोटा ठरत नाही, पण एकटा टिकत नाही. मुद्रांक विक्रेत्याची तारीख आणि नोटरीच्या नोंदवहीतला अनुक्रमांक तपासून घ्या, दोन्ही २०२१ चे असतील तर करार नंतर बनवला हा आरोप तिथेच पडतो. आता घाईने जुन्या तारखेचा नवा करार मुळीच करू नका. मुद्रांकाची तारीख उघडी पडते, आणि मग खरे असलेले बाकीचे कागदही संशयात जातात.

नियमानुकूल करण्याच्या अर्जाचा फायदा होत नाही. १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण आहे, पण अर्ज दिल्याने अतिक्रमण संपत नाही. सक्षम अधिकाऱ्याचा आदेश, रक्कम भरल्याची पावती, जागा नावावर, इथपर्यंत गेले तर बोलता येईल. शिवाय 'आमचे अतिक्रमण नियमानुकूल करा' हा अर्ज म्हणजे अतिक्रमण असल्याची कबुलीच. त्यावर सरपंचांची किंवा त्यांच्या पतीची सही आहे का, हे आजच पाहा. कुटुंबप्रमुख म्हणून मुलाने सही केलेली असेल तर वेगळे राहण्याच्या मुद्द्यालाही धक्का बसतो.

जागा गायरान असेल तर आणखी अवघड. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य, २८ जानेवारी २०११. गावच्या सार्वजनिक वापराच्या जमिनीवरची अतिक्रमणे नियमित करू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले. अपवाद मोजके: भूमिहीन शेतमजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना शासनाने रीतसर दिलेली जागा, किंवा जिथे आधीच शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय उभी आहे. किती वर्षे राहतो आणि बांधकामावर किती खर्च केला, हे तिथे समर्थन ठरत नाही.

गावनमुना

खोल्या पाडण्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १६ दोन काळ धरते: निवडून येण्याच्या वेळी असलेली अपात्रता, आणि मुदतीत नंतर आलेली अपात्रता. म्हणजे निवडणुकीच्या दिवशी सरपंच त्या घरात राहत होत्या असे सिद्ध झाले, तर आज खोल्या पाडून ते पुसले जात नाही. आणि त्या वेगळ्या राहतात हे सिद्ध झाले तर पाडण्याची गरज त्यांच्या पदासाठी नाही. नोटीस आल्यावर रातोरात पाडले की पंचनामा कशाचा करायचा असा प्रश्न उभा राहतो, आणि पुरावा नष्ट केला असा आरोप वर येतो. वृद्ध सासू-सासऱ्यांना पदाखातर बेघर करण्याचा सल्ला तर कोणी देऊ नये.

सासऱ्यांना जागा सोडायचीच असेल तर तहसीलदारांना लेखी कळवून, त्यांच्या पंचनाम्यात सोडावी. ताबा दिल्याची पावती घ्यावी.

मात्र सरपंच म्हणून एक काम करावेच लागेल, आणि ते बहुतेक जण विसरतात. जनाबाई निकालाचा गाभा हितसंबंधांचा संघर्ष हा आहे. ग्रामपंचायतीकडे निहित असलेल्या जागेवरचे अतिक्रमण कलम ५३ खाली पंचायत काढते, शासकीय जमिनीवरचे जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली महसूल खाते. सासऱ्यांच्या घराचा विषय मासिक सभेत आला तर सरपंचांनी त्या विषयापुरते अध्यक्षस्थान उपसरपंचांकडे द्यावे, चर्चेत आणि मतदानात भाग घेऊ नये, आणि तशी नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. तक्रार येऊनही विषय सभेपुढे येऊच दिला नाही, असे दिसले तर तेच त्यांच्याविरुद्ध जाते.

सहीशिक्का

कार्यपद्धतीतल्या तारखा कोणी लिहिलेल्या दिसत नाहीत, आणि अशी प्रकरणे तारखांवरच हातची जातात.

कलम १६(२) नुसार अर्ज मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांनी निर्णय द्यायचा असतो. निर्णय होईपर्यंत सदस्याचे काम थांबत नाही. सही, धनादेश, सभा, सगळे चालू. बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय विरोधात आदेश करता येत नाही. संधी दिली गेली नाही असे नंतर म्हणायचे असेल, तर प्रत्येक तारखेचा रोजनामा (त्या दिवशी काय झाले याची कार्यालयीन नोंद) आपल्याकडे हवा. अर्जासोबतची सगळी कागदपत्रे मिळाली नसतील तर पहिल्याच तारखेला तसे लेखी द्या आणि पोच घ्या. तहसीलदारांचा अहवाल आल्यावर त्याची प्रत मागून त्यावर वेगळे म्हणणे द्या. पुष्कळ आदेश त्या अहवालातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवून संपतात. अहवालावर हरकतच नोंदवलेली नसेल तर आदेश यांत्रिक आहे हे वरच्या पातळीवर दाखवायचे कसे?

आदेश विरोधात गेला तर अपिलाची मुदत १५ दिवस. ती निर्णयाच्या तारखेपासून मोजली जाते, नक्कल हातात आल्यापासून नव्हे. निर्णयासाठी प्रकरण राखून ठेवले की दर दोन-तीन दिवसांनी शाखेत चौकशी करा. अपील कायद्याने राज्य शासनाकडे आहे, पण अधिकार सोपवलेले असल्याने ते विभागीय आयुक्तांसमोर चालते, साताऱ्यासाठी पुणे. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज स्वतंत्र द्या. अपील दाखल झाले म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आपोआप थांबत नाही.

स्थगितीची घाई का? आदेश झाला की पद रिक्त झाल्याचा अहवाल जातो आणि पोटनिवडणुकीची तयारी सुरू होते. एकदा राज्य निवडणूक आयोगाने कार्यक्रम जाहीर केला की संविधानाच्या अनुच्छेद २४३-ण चा (पंचायत निवडणुकीत न्यायालयीन हस्तक्षेपाला मनाई) अडसर येतो आणि न्यायालये निवडणूक प्रक्रियेत सहसा हात घालत नाहीत. दरम्यान उपसरपंचांकडे कार्यभार जातो, बँकेतल्या सह्या बदलतात. नंतर अपील जिंकले तरी परत बसणे सोपे राहत नाही.

आयुक्तांनीही अपील फेटाळले तर उच्च न्यायालयात रिट याचिका. सातारा जिल्ह्याची प्रकरणे आता कोल्हापूरला जातात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच तिथे सुरू झाले आहे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. रिटमध्ये नवीन पुरावा सहसा घेतला जात नाही. जिल्हाधिकाऱ्यांसमोर जे दाखल केले त्यावरच चालते, म्हणून गॅसच्या पावत्या आणि शाळेचा दाखला पहिल्याच टप्प्यावर गेला पाहिजे.

न्यायपत्रिका

अर्जदारांच्या बाजूनेही थोडे लिहायला हवे, कारण हा धागा फक्त सरपंचच वाचतील असे नाही. अतिक्रमित जागेत राहून त्याच जागेच्या राखणदारीची खुर्ची सांभाळणे, हा प्रकार खरा आहे आणि २०१८ चा निकाल त्यासाठीच हवा होता. अर्ज टिकवायचा असेल तर 'अतिक्रमण केले आहे' एवढ्यावर थांबू नका. गट क्रमांक, क्षेत्र, मोजणी नकाशा, नमुना १-ई, आणि सदस्य त्या जागेत राहतो याचा पुरावा, हे पाचही जोडा. सदस्याच्या स्वतःच्या नावावर त्या पत्त्याची वीजजोडणी, नळजोडणी किंवा घरकुलाचा लाभ असेल तर ते सगळ्यात भक्कम. माहिती अधिकारात १० रुपये शुल्कात आणि साधारण ३० दिवसांत हे मिळते, त्यामुळे कागद हातात आल्यावर अर्ज करावा. जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय बाजूने लागला तर आयुक्तांकडे लेखी कळवून ठेवावे की आपल्याला ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नये. उच्च न्यायालयात त्यासाठी कॅव्हेट आहे, ते ९० दिवस चालते.

आणि कृष्णाकाठ, अर्जात थकबाकीचा आरोपही आहे का, तो परिच्छेद पुन्हा वाचा. अतिक्रमणाच्या अर्जाला कलम १४(१)(ह) जवळपास नेहमी जोडलेले असते. मागणीचे बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर अपात्रता येते, आणि इथे मात्र कायद्यानेच एकत्र कुटुंबाचा उल्लेख केला आहे: अविभक्त कुटुंबातल्या एकाची थकबाकी सर्वांना लागू पडते. सासऱ्यांच्या घराची घरपट्टी थकलेली असेल तर अर्जदार त्यावर जोर देतील. तिथे बचाव दोनच: कुटुंब विभक्त आहे, किंवा बिल बजावलेलेच नाही. बिलाच्या स्थळप्रतीवर (कार्यालयात राहिलेल्या प्रतीवर) कोणाची सही आहे आणि तारीख काय आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे नक्कल मागून तपासा. तोंडी सांगितले, दवंडी दिली, यादी फळ्यावर लावली, हे बजावणे नव्हे.

कृष्णाकाठ

अर्ज पुन्हा पाहिला. घरपट्टीचा मुद्दा चौथ्या परिच्छेदात आहे, लक्षातच आले नव्हते. गट क्रमांकाचा सातबारा आणि नमुना १-ई ची नक्कल उद्या मागतो, मोजणीच्या मागणीचा अर्ज पहिल्या तारखेला देऊ. नियमानुकूल करण्याच्या अर्जावर सही सासऱ्यांचीच आहे, मुलाची नाही.

सहीशिक्का

मग त्या अर्जाची साक्षांकित प्रत आत्ताच काढून ठेवा, मूळ धारिका ग्रामपंचायतीतून पंचायत समितीकडे गेली की सापडायला वेळ लागतो. आणि नमुना १-ई मध्ये नोंद नसेल तर 'नोंद आढळून येत नाही' असे लेखी घ्या. तोंडी उत्तरावर परत येऊ नका.